वाकलेला बाण सरळ कोण करतो?

लासलगाव म्हटलं की कांदा आठवतो, बाण नाही. पण शेजारच्या सिन्नर तालुक्यात १८५७ साली भागोजी नाईकांच्या नेतृत्वाखाली भिल्लांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला होता. त्या काळापर्यंत बंदुका आल्या होत्या, तरी भिल्लांचं पिढ्यान् पिढ्यांचं हत्यार तिरकामठाच. कामठा बांबूचा, त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच चिवट पट्टीची.

बाण कशाचा करायचा, हा प्रश्न फार जुना आहे. ‘शर’ म्हणजे बाण, आणि ‘शर’ म्हणजे बोरूसारखं एक गवतही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात बांबू आणि शर यांच्या बाणांसोबत ‘नाराच’ हा लोखंडी बाणही येतो. लोखंड टिकाऊ, पण जड. बांबू हलका आणि चिवट, पण पावसाळ्यात ओल धरतो आणि वाळताना वाकतो.

म्हणून बाण सरळ करणं हा स्वतंत्र धंदा होता. पाली भाषेत त्या कारागिराला ‘उसुकार’ म्हणत. महाजनक जातकात असा एक कारागीर भेटतो. तो बाण निखाऱ्यांवर तापवतो, आंबट कांजीने भिजवतो आणि एक डोळा मिटून बघतो. राजा कारण विचारतो. दोन्ही डोळ्यांनी बघितलं तर नजर फाकते, वाक दिसत नाही, असं तो सांगतो.

यामागचं विज्ञान सोपं आहे. बांबूतले तंतू लिग्निन नावाच्या पदार्थाने बांधलेले असतात. उष्णतेने ते मऊ पडतं. तेव्हा बाण हाताने वळवायचा आणि थंड होईपर्यंत तसाच धरायचा.

१९३९ साली अमेरिकेत डग ईस्टन यांनी अ‍ॅल्युमिनिअमचे बाण बनवायला सुरुवात केली. लाकडाचे दोन बाण कधी तंतोतंत सारखे नसतात, धातूच्या नळ्या तशा करता येतात. अ‍ॅल्युमिनिअम वाकतं, पण रोलरवर फिरवून पुन्हा सरळही करता येतं. मात्र दर खेपेला धातू थोडा थकतो.

१९८० च्या दशकात कार्बन आला आणि हा खेळच बदलला. इंजिनिअरिंगला काढलेला स्ट्रेस-स्ट्रेनचा ग्राफ आठवा. अ‍ॅल्युमिनिअमची रेघ वळून पुढे जाते, कार्बनची सरळ चढते आणि एकदम तुटते. कार्बनचा बाण एकतर सरळ असतो, नाहीतर मोडलेला. तडा गेलेला बाण सोडताना हातात फुटू शकतो, म्हणून खेळाडू तो आधी हलकेच वाकवून, कान देऊन तपासतात.

२०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड प्रकारात जगज्जेते झाले. त्या पातळीवर आज कार्बनशिवाय चालत नाही. आपल्याकडे ‘इंडियन राउंड’ प्रकारात मात्र अजून बांबू-लाकडाचे धनुष्यबाण चालतात आणि कित्येक मुलं तिथूनच सुरुवात करतात.

तिथून पुढे जाताना फक्त नेम बदलत नाही. बांबूचा बाण बिघडला तर चुलीतले निखारे आणि घरातलं जाणतं माणूस पुरतं. कार्बनचा बिघडला तर नवा विकत घ्यावा लागतो. पाड्यावरच्या मुलासाठी खरी अडचण इथे सुरू होते. नेम त्याच्याकडे असतो, दुरुस्तीचं ज्ञानही असतं, पण त्या ज्ञानाचा आता उपयोग नसतो.