रांजणवाडीचा शेक

   

पापणीवरच्या पुळीसाठी दवाखाना गाठायची रीत आपल्याकडे जुनी नाही. रांजणवाडी आली की घरातली म्हातारी सहाण पुढे ओढायची, त्यावर खारकेची बी नाहीतर लवंग उगाळायची आणि लेप लावायची. सहाण धुतलेली असायचीच असं नाही! हाताशी काही नसलं तर तळहातावर बोट खसाखसा चोळून ते गरम असतानाच पापणीला टेकवायचं.

या उबेचा इतिहास मोठा आहे. सुश्रुताने डोळ्यांचे ७६ रोग मोजले, त्यातले २१ पापण्यांचे. त्यांत 'अंजननामिका' येते: तांबूस, मऊ, टोचणारी, आग होणारी बारीक पुळी. उपचार असा, की आधी शेक द्यायचा, पुळी फुटली की पू काढायचा आणि मग मनःशिला, वेलची, तगर, सैंधव मधात कालवून चोळायचं. मनःशिला म्हणजे आर्सेनिकचं खनिज. ते आज कुणी डोळ्याजवळ नेऊ नये. पहिल्या शतकात रोममध्ये वैद्यकावर लिहिणाऱ्या सेल्ससनेही गरम पाव किंवा तापवलेलं मेण लावायला सांगितलं, सोसेल इतकंच गरम. लेप देशोदेशी बदलले, शेक तोच राहिला.

तो का लागू पडतो, हे कळायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. १८८०मध्ये स्कॉटिश शल्यविशारद अलेक्झांडर ऑग्स्टनने पुवात घोसाघोसाने राहणारे जंतू पाहिले, तेच स्टॅफिलोकोकस. पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. त्यांचं तोंड बुजलं आणि हे जंतू आत वाढले की रांजणवाडी येते. उबेने साकळलेलं तेल सैल होतं, पू वाट काढतो. लवंगेने मात्र पापणीची आगच व्हायची.

आजचे डॉक्टरही आधी शेकच सांगतात: स्वच्छ फडकं कोमट पाण्यात पिळून दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. पुळी दाबून फोडायची नाही, काजळ बंद. बहुतेक रांजणवाड्या आठवड्याभरात बसतात. वारंवार येऊ लागली तर रक्तातली साखर तपासून घ्यावी. सूज गालापर्यंत उतरली, ताप आला किंवा अंधुक दिसू लागलं, तर सहाण बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.