चूक यानाची, नाव बाईचं

रोवणी आटोपली, कंबर अजून दुखत असेल, तरी दहा मिनिटं ऐका.

मागच्या बैठकीनंतर एकीच्या मुलाने मोबाईलवर ‘इंटरस्टेलर’ हा सिनेमा लावला. त्यात एक शास्त्रज्ञ दूरच्या ग्रहावर एकटा राहून इतका बिघडतो की खोटी माहिती पाठवतो, आणि सोडवायला आलेल्याच्याच जिवावर उठतो. आमच्या एका मावशीने विचारलं, “वर गेलं की माणसाचं डोकं फिरतेच का वं?” मला उत्तर येत नव्हतं. मग वाचलं.

ही भीती सिनेमावाल्यांच्या आधीची आहे. १२ एप्रिल १९६१ ला रशियाचा युरी गागारिन पहिल्यांदा अंतराळात गेला, तेव्हा वजन हरवल्यावर माणसाचं भान राहील का, याची डॉक्टरांना खात्री नव्हती. म्हणून यान आपोआप चालणारं केलं आणि हाताने चालवायच्या बटणांना कुलूप घातलं. कुलपाचा आकडा १२५, तो पाकिटात बंद. भानावर असेल तर पाकीट फोडून आकडा वाचेल, असा हिशोब. गंमत म्हणजे, निघण्याआधीच लोकांनी तो आकडा त्याला गुपचूप सांगून टाकला होता! गागारिन १०८ मिनिटांत परतला, तो शेतात उतरला. तिथे त्याला आधी पाहिलं ते एका आजीने आणि तिच्या नातीने.

आपले राकेश शर्मा १९८४ मध्ये गेले. त्याआधी बंगळूरला हवाई दलाने त्यांना ७२ तास एका खोलीत कोंडून ठेवलं होतं, बंद जागेची छुपी भीती आहे का ते बघायला. म्हणजे डगमगणारा माणूस जमिनीवरच गाळला जातो. सिनेमात ही चाळणी दाखवतच नाहीत.

पण मला खरी सांगायची आहे ती वालेंतिना तेरेश्कोवाची गोष्ट. कापड गिरणीतली कामगार. बाप ट्रॅक्टर चालवायचा, तो लढाईत गेला. मोहाडी-आंधळगावला कोशाचं कापड विणणाऱ्या घरांनी ही गोष्ट जरूर ऐकावी. पॅराशूटने उडी मारायचा तिला छंद होता, म्हणून निवड झाली. १६ जून १९६३ ला, २६ व्या वर्षी, ती एकटी अंतराळात गेली आणि जवळजवळ तीन दिवसांत पृथ्वीला ४८ फेऱ्या मारून आली. अंतराळात जाणारी जगातली पहिली बाई. सामानात टूथपेस्ट दिली होती, ब्रश द्यायला विसरले होते.

ती परतली आणि कुजबुज सुरू झाली. बाई घाबरली, बाईला झेपलं नाही. उलटी झाली होती, हेल्मेट खांद्याला टोचत होतं, हे तिने स्वतःही सांगितलं. पण मोठी गोष्ट दडवली गेली. यानाच्या मांडणीत चूक होती. खाली यायच्या वेळी ते खाली येण्याऐवजी आणखी वर गेलं असतं. ती चूक वर बसलेल्या या ‘घाबरलेल्या’ बाईनेच पकडली, खाली कळवली, आणि नवे आकडे मागवून घेतले. प्रमुख अभियंता कोरोल्योव यांनी तिला विनंती केली, कुणाला सांगू नकोस. तिने तीसएक वर्षं तोंड उघडलं नाही.

हे वाचताना मला आमच्याच एका गटातली बाई आठवली. पासबुकातला आकडा चुकला आहे, असं ती तीनदा सांगायला गेली, तर “हिचं डोकं फिरलं आहे” असं ऐकून आली. आकडा खरंच चुकलेला होता. तिला तसं म्हणणाऱ्याने नंतर काही म्हटल्याचं मला आठवत नाही.

तेरेश्कोवानंतर दुसरी बाई अंतराळात जायला १९ वर्षं लागली. १९८२ ला स्वेतलाना सावित्स्काया गेली. जुलै १९८४ मध्ये ती पुन्हा गेली आणि यानाबाहेर पडून काम करणारी पहिली बाई ठरली. ते स्थानक सल्यूत-७, जिथे तीनच महिन्यांआधी आपले राकेश शर्मा राहून आले होते.