चढण्या-उतरण्याचा हक्क : लंडनच्या उघड्या बसची गोष्ट

तत्त्वज्ञानाच्या माणसाने प्रवासी बसच्या पासावर काय बोलायचं, असं काहींना वाटलं असेल. पण या बसची सुरुवातच एका तत्त्वज्ञापाशी होते, त्यामुळे मी फारसा हद्दीबाहेर गेलेलो नाही.

लंडनला किंवा पॅरिसला जाऊन आलेल्यांना ‘हॉप-ऑन हॉप-ऑफ’ बस माहीत असेल. चोवीस तासांचा पास काढायचा. प्रेक्षणीय जागांवरून गोल फिरणारी, वरून उघडी बस असते. हव्या त्या थांब्यावर उतरा, बघा, आणि मागून येणाऱ्या बसमध्ये चढा. म्हणजे या पासात दोन गोष्टी विकल्या जातात : डोक्यावरचं मोकळं आकाश आणि वाटेल तिथे उतरायची मुभा. माझं म्हणणं एवढंच आहे, की लंडनमध्ये या दोन्ही गोष्टी एके काळी साध्या, कामावर जाणाऱ्या माणसाच्या बसमध्ये होत्या. तिथून त्या गेल्या, आणि पाहुण्यांच्या बसमध्ये वेगळी किंमत लावून परत आल्या.

आधी पॅरिस. १६६२ च्या मार्चमध्ये तिथे ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या वेळेला, ठरलेल्या भाड्यात चालणाऱ्या घोडागाड्या सुरू झाल्या. कल्पना ब्लेझ पास्कालची. माणसाला खोलीत स्वस्थ बसता येत नाही, हेच त्याच्या दुःखाचं मूळ मानणारा हाच तो पास्काल! भाडं पाच सोल. गाडी भरो न भरो, वेळ झाली की निघणार. लोक इतके लोटले, की खुद्द पास्कालच्या बहिणीला जागा मिळाली नाही. गाड्या भरून समोरून गेल्या आणि ती पायी घरी गेली. तिनेच हे पत्रात लिहून ठेवलंय. एक मार्ग तर शहराला वळसा घालणारा होता. पण पॅरिसच्या पार्लमाँने, म्हणजे तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने, अट घातली : सैनिक, नोकरचाकर, अंगमेहनतीची कामं करणारे यांनी या गाड्यांत बसायचं नाही. म्हणजे खिशात पाच सोल असले तरी चढायचा हक्क नाही. पास्काल त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेला, आणि त्याच्या गाड्याही पुढे पंधरा-एक वर्षांत बंद पडल्या.

मधली दीडशे वर्षं सोडून देऊ. १८२९ च्या जुलैमध्ये जॉर्ज शिलिबियरने लंडनमध्ये तीन घोड्यांची ऑम्निबस सुरू केली, पॅडिंग्टन ते बँक. तिचा मार्ग जुन्या शहराच्या कडेकडेने गेला, आणि त्याला कारण होतं. शहराच्या मधल्या भागात वाटेत माणसं घेण्या-उतरवण्याची मक्तेदारी भाड्याच्या हॅकनी गाड्यांकडे होती. ऑम्निबसला तिथे मध्येच थांबून कुणाला चढवता-उतरवता येत नसे. १८३२ च्या कायद्याने ही मक्तेदारी मोडली. आज पासावर ज्या शब्दांची जाहिरात होते, ते चढणं-उतरणं लंडनला कायदा करून मिळवावं लागलं, हे लक्षात घ्या.

आता टपाकडे येऊ. मला सगळ्यात मजेदार वाटतो तो हाच भाग. १८५१ च्या महाप्रदर्शनाला गर्दी लोटली आणि ऑम्निबसच्या टपावर माणसं बसवणं सर्रास झालं. टपावर लांब बाकडं, त्यावर पाठीला पाठ लावून बसायचं. ऊन, पाऊस, धूर सगळं अंगावर, म्हणून वरची जागा स्वस्त. वर जायला उभी शिडी. त्या काळच्या घोळदार झग्यांत बायकांना ती चढणं अवघड, आणि शोभणारंही मानलं जात नसे. १८८० च्या दशकात नीट जिना आणि पुढे तोंड केलेली आसनं आली, तेव्हा कुठे टप बायकांना मोकळा झाला. पुढे मोटारबस आली तरी टप उघडाच राहिला. वर छप्पर घातलं तर गाडी कलंडेल अशी पोलिसांची धास्ती. त्यांनी १९२५ पर्यंत परवानगी दिली नाही. तोवर लंडनचा कारकून रोज, गुडघ्यांवर मेणकापड ओढून, उघड्या बसमधून कचेरीला जात होता. शहर त्याला नेहमीच्या भाड्यात दिसत होतं.

छप्पर आलं ते चांगलंच झालं. पावसात भिजण्यात काव्य शोधणारे सहसा कोरड्या जागी बसलेले असतात! पण १९५१ मध्ये, ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’च्या वर्षी, लंडन ट्रान्सपोर्टने पाहुण्यांसाठी शहरदर्शनाची फेरी सुरू केली. बसा, बघा, आणि फेरी संपली की उतरा. मध्ये उतरणं नाही. १९७० च्या दशकात या फेरीला उघड्या टपाच्या गाड्या आल्या. नंतर खाजगी कंपन्यांच्या चढाओढीत मध्ये उतरायची सोय पासात आली, आणि १९९९ मध्ये सेव्हिलला सुरू झालेल्या एका कंपनीने हा लाल बसचा नमुना जगभर नेला.

दरम्यान साध्या बसचं काय झालं? १९५६ साली सेवेत आलेल्या रूटमास्टरला मागे उघडा फूटबोर्ड होता. सिग्नलला बस थांबली की उतरा, धावत येऊन चढा, कंडक्टर तिकीट द्यायला येईल. डिसेंबर २००५ मध्ये या गाड्या नेहमीच्या सेवेतून गेल्या. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला त्यात चढताच येत नव्हतं, हे कारण मला पटतं. पास्कालच्या गाड्यांसारखाच तोही दाराशी अडवला जात होता. कंडक्टरचा पगार वाचवणं हेही एक कारण होतं, ते मात्र दबक्या आवाजात सांगितलं जातं. मग ९ आणि १५ क्रमांकाच्या मार्गांवर त्याच गाड्या काही वर्षं ‘वारसा’ म्हणून धावल्या. रोजची वस्तू आधी काढून घ्यायची आणि मग तिला वारसा म्हणायचं, हा प्रकार मुंबईकरांना सांगायला नको. १९३७ पासूनच्या बेस्टच्या जुन्या डबलडेकर २०२३ मध्ये गेल्या, तेव्हा हार घालून निरोप देणाऱ्यांत रोज त्यातून जाणारे किती होते?

मी पासाच्या विरोधात नाही. माझ्यासारख्या कुरकुरत्या गुडघ्यांच्या माणसाला तो वरदान आहे. फक्त, आधी न उतरता एक पूर्ण फेरी करावी, मग कुठे उतरायचं ते ठरवावं. बहुतेक फेऱ्या एकाच दिशेने जातात. एक थांबा मागे राहिला तर परत यायला सगळं शहर फिरावं लागतं. आणि फेरीचा नकाशा दुसऱ्याने आखलेला असतो. बाजार, इस्पितळं, कामगारांच्या वस्त्या त्यात सहसा नसतात, कारण तिथे कुणी उतरणार नाही असं धरलेलं असतं.

तिथल्या साध्या बसनेही आता जुना हक्क थोडा परत दिलाय. २०१६ पासून एक भाडं दिलं की तासाभरात दुसरी बस फुकट, आणि २०१८ पासून तासाभरात हव्या तितक्या. १५ क्रमांकाची बस घ्या. ट्रफाल्गर चौकाजवळून स्ट्रँड, फ्लीट स्ट्रीट, सेंट पॉल करत ती टॉवरपाशी जाते. वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा धरा. शेजारी कुणीतरी कामावर निघालेलं असेल. डोक्यावर छप्पर आहे, एवढाच काय तो फरक.