सुक्या सुगंधाचा इतिहास : बकुळीची माळ, वाळ्याची जुडी आणि गंधाचे मणी

धरमपेठेतल्या श्रोत्यांना उन्हाळ्याच्या तोंडावर सुगंधावर बोलावून बसवायचं म्हणजे थोडं धाडसच आहे, कारण या दिवसांत नागपुरात माणसाला वासापेक्षा गारव्याची ओढ जास्त. पण आपल्याकडे गारवा आणि वास या दोन गोष्टी फार काळ एकत्रच नांदल्या. ते कसं, हे शेवटाकडे सांगतो.

येताना मी दोन वस्तू आणल्या आहेत. पहिली, बकुळीची वाळलेली माळ. गेल्या वर्षीची आहे. फुलं तपकिरी पडली आहेत, तरी नाकाजवळ धरली की वास येतो. दुसरी, वाळ्याची जुडी, दोऱ्याने गुंडाळलेली. आमच्या आजीच्या लाकडी पेटीत शालूच्या घडीत अशी एक जुडी कायम असायची. तिला कोणी दागिना म्हणत नसे, औषध म्हणत नसे. ती आपली असायची, इतकंच. माझा आजचा प्रश्न या ‘आपली असायची’बद्दल आहे. जी वस्तू घरात कायम असते, तिचा इतिहास कोण लिहितं?

आधी थोडं बाहेरचं पाहू. ‘पोपुरी’ हा शब्द आता आपल्याकडच्या भेटवस्तूंच्या दुकानांतही दिसतो. काचेच्या वाडग्यात सुकलेल्या पाकळ्या, साली, लाकडाचे तुकडे, मणी. मूळ शब्द फ्रेंच, आणि त्याचा शब्दशः अर्थ आहे ‘सडकं भांडं’! स्पेनमध्ये मांस आणि भाज्या एकत्र शिजवून जो रस्सा करत, त्याच्या नावाचं हे फ्रेंच भाषांतर. पुढे पाकळ्या मिठात थर लावून मुरवायची रीत आली आणि हे नाव त्या भांड्याला चिकटलं. आपण लोणचं मुरवतो तशातलाच प्रकार. त्याच युरोपात गुलाबाच्या पाकळ्या कुटून त्यांचे मणीही करत. लोखंडी खलात कुटल्या की लोखंडाचा आणि पाकळ्यांतल्या तुरट द्रव्याचा संयोग होऊन लगदा काळा पडतो, म्हणून ते मणी काळे दिसतात. अंगाच्या उबेने त्यांचा वास जागा होतो.

आता आपल्याकडे या. बकुळीच्या फुलाला मधोमध नैसर्गिक भोक असतं. सुईसुद्धा लागत नाही, दोऱ्यात ओवत जायचं. कोकणात, गोव्यात तिला ओवळं म्हणतात. आणि हे फूल सुकलं तरी वास सोडत नाही. मोगरा संध्याकाळी फुलतो आणि सकाळी गेलेला असतो. बकुळ महिनोन्‌महिने राहते. म्हणजे सुगंधी मण्यांची माळ झाडानेच तयार करून खाली टाकलेली आहे, आपण फक्त वेचायची. सोनारांनी तिचाच घाट सोन्यात उतरवला. मराठी घरांतला बकुळीहार तुम्ही पाहिलाच असेल. सोन्यात वास तेवढा आला नाही.

बरं, ही झाली आयती माळ. पण हाताने गंधद्रव्यं कुटून, मळून गोळ्या, वड्या, मणी करायचे, याला आपल्याकडे शास्त्र होतं का? होतं, आणि चांगलं जुनं होतं. त्याचं नाव गंधयुक्ती.

सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिता’ लिहिली. पाऊस, ग्रह, घरबांधणी, रत्नं अशा सगळ्या विषयांच्या त्या ग्रंथात एक प्रकरण गंधयुक्तीवर आहे. त्यात तो सांगतो, सोळा द्रव्यं घ्या आणि त्यांतली चार-चार निवडा, तर १८२० प्रकार होतात. आजच्या अकरावीच्या मुलाला हे गणित करायला द्या, उत्तर हेच येईल. वासाच्या नादाने केलेलं हे संयोगांचं गणित आहे, आणि गणिताच्या इतिहासात त्याचा मानाने उल्लेख होतो.

दुसरा टप्पा बाराव्या शतकातला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग तेव्हा या घराण्याच्या सत्तेत होता. राजाने काय काय उपभोगावं याची त्यात यादी आहे. स्नान, विलेपन, धूप. धुपाचे चूर्ण, पिंड आणि वर्ती असे प्रकार येतात. भुकटी, गोळा आणि वात. म्हणजे कोरडा सुगंध घट्ट करून त्याला आकार देण्याची कला तेव्हा पूर्ण विकसित होती.

तिसरा टप्पा आपल्याला जास्त जवळचा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी आयुष्यभर अशा गोष्टींचा इतिहास शोधला ज्यांच्याकडे इतिहासकार सहसा वळूनही पाहत नाहीत. १९४५ साली त्यांनी गंधशास्त्रावरच्या दुर्मीळ ग्रंथांची ओळख अभ्यासकांना करून दिली. एक गंगाधराचा ‘गंधसार’, आणि दुसरा ‘गंधवाद’, ज्याच्या कर्त्याचं नाव माहीत नाही. या ‘गंधवाद’ला टीका आहे, आणि ती मराठीत आहे! गोड्यांनी तिचा काळ साधारण १३५० ते १५५० च्या दरम्यानचा ठरवला. हे दोन्ही ग्रंथ पुढे १९८९ साली बडोद्याहून संपादित होऊन छापले गेले.

यावर क्षणभर थांबू या. मूळ ग्रंथ संस्कृतात आहे आणि त्याचं स्पष्टीकरण मराठीत आहे. पंडिताला पंडितासाठी लिहायचं असतं तर टीकाही संस्कृतात चालली असती. ती मराठीत लिहावी लागली, याचा मला समजणारा अर्थ असा की प्रत्यक्ष खल हातात घेणाऱ्या माणसाला ती वाचून दाखवायची होती, किंवा निदान त्याच्यापर्यंत पोचवायची होती. हा माझा तर्क आहे, पण सरळ तर्क आहे.

आता ‘गंधसार’ काय सांगतो ते एका मण्यावर करून पाहू. त्यात सहा क्रिया दिल्या आहेत. भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. भावन म्हणजे चूर्णात सुगंधी पाणी किंवा रस पुन्हा पुन्हा जिरवणं. वैद्य आजही ‘भावना देणे’ म्हणतात. पाचन म्हणजे मंद आचेवर शिजवणं. बोध आणि वेध म्हणजे तयार मिश्रणात थोडं तीव्र द्रव्य घालून त्याला जागं करणं, त्याचा वास आरपार नेणं. धूपन म्हणजे धुरी देणं. वासन म्हणजे फुलांच्या सहवासात ठेवून त्यांचा वास चढवणं.

घरी मणी करायचे तर यांतल्या तीनच क्रिया पुरतात. चंदनाची भुकटी, वाळा, नागरमोथा, कचोरा हे कुटून वस्त्रगाळ करायचं. संत्र्याची वाळलेली साल हवी तर घाला, ती नागपूरकराच्या घरात नसली तरच नवल. मग गुलाबपाण्याची भावना द्यायची. बांधायला डिंक, बाभळीचा किंवा आपल्या विदर्भात सहज मिळणारा धावड्याचा. कणकेसारखं मळायचं, बोराएवढ्या गोळ्या वळायच्या, ओल्या असतानाच सुईने भोक पाडायचं आणि सावलीत वाळवायचं. उन्हात ठेवलं तर वास उडून जातो, आणि आपल्याकडच्या मे महिन्याच्या वाऱ्यात ते इतक्या झपाट्याने वाळतात की तडकतात. वाळलेले मणी फुलांसोबत झाकणाच्या बरणीत ठेवले की झालं वासन.

यातली खरी मेख मुळांमध्ये आहे. फुलाचा वास हलका असतो, उडून जातो. वाळा, मोथा यांच्या मुळांतली तेलं जड असतात, सावकाश उडतात, आणि हलक्या वासालाही धरून ठेवतात. युरोपातल्या बायका हेच काम आयरिस फुलझाडाच्या सुकवलेल्या मुळाकडून करून घेत. दोन खंडांतल्या घरांना एकाच अडचणीवर एकाच जातीचं उत्तर सापडलं, मूळ वापरा. आपल्या दिवाळीच्या उटण्यात हीच मुळं आहेत. वारीतल्या बुक्क्यात तीच आहेत. प्रमाण घराघराचं वेगळं, हाड तेच.

आता मघाचा प्रश्न. हे कुटलं कोणी?

‘मानसोल्लास’मध्ये राजाच्या विलेपनाचं वर्णन आहे, ते वाटणाऱ्या बाईचं नाव नाही. पण याच ग्रंथात, संगीताच्या प्रकरणात, एक लहानसा उल्लेख येतो. महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात, असं सोमेश्वर नोंदवतो. ओवीच्या सर्वांत जुन्या उल्लेखांपैकी हा एक, त्यामुळे मराठी साहित्याचे अभ्यासक तो आवर्जून सांगतात. माझं लक्ष दुसऱ्या शब्दाकडे जातं. ‘कांडताना’. ते कांडण धान्याचं आहे, गंधाचं नव्हे, मी ओढूनताणून अर्थ काढत नाही. पण उखळ तेच, मुसळ तेच आणि मनगटही तेच. एकाच पुस्तकात एकीकडे सुगंध आहे, माणूस नाही, आणि दुसरीकडे मुसळ धरलेली बाई आहे, तिचा आवाज आहे. आपल्याला हे दोन भाग स्वतः जोडावे लागतात.

विकलं गेलं त्याची नोंद मात्र झाली. एकोणिसाव्या शतकात खानदेशात रोशा गवताचं, म्हणजे आपल्या तिखाडीचं तेल काढायचा मोठा धंदा होता. भट्ट्या लागत. तेल मुंबईहून जहाजाने अरबस्तानाकडे आणि तिथून तुर्कस्तानात जाई, आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई. इंग्रजी गॅझेटियरने त्याची व्यवस्थित दखल घेतली, कारण तो व्यापार होता. आजीच्या पेटीतल्या जुडीवर जकात नव्हती, म्हणून तिचा कागदही नाही.

आणि आता नागपूर. अबुल फझल ‘ऐन-इ-अकबरी’त वाळ्याच्या ताट्या लावून पाणी शिंपडायच्या युक्तीचं श्रेय बादशहाला देतो. दरबारी लेखक आहे, देणारच. पण ती युक्ती ज्या ज्या तापलेल्या गावांनी आपलीशी केली, त्यांत आपलं गाव आहे. दाराला वाळ्याची ताटी, माठात वाळ्याची जुडी, आणि पुढे कूलर आले तेव्हा त्यांच्या जाळ्यांतही वाळा. इथल्या पन्नाशीपुढच्या माणसांना विचारा, कूलरमध्ये पहिलं पाणी पडलं की घरभर जो वास सुटायचा, तो त्यांच्यासाठी शाळेच्या सुट्टीचा वास आहे. ‘गंधसार’मधला बोध म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. सुकं मूळ पाण्याने जागं होतं, हे त्यांनी दर एप्रिलमध्ये अनुभवलेलं आहे.

मग वाळा महाग झाला. लाकडाचा भुसकट गवतासारखा कीस आला, त्यानंतर कागदी मधाच्या पोळ्यासारख्या जाळ्या आल्या. त्या जास्त टिकतात, स्वच्छ राहतात, हवा चांगली फेकतात. मी तक्रार करत नाही, माझ्याही घरी त्याच आहेत. पण त्यांना वास नाही. तीस-चाळीस वर्षांत एका शहराच्या उन्हाळ्याचा वास बदलला आणि त्याची बातमी कुठेच छापून आली नाही. मला इतिहासाचा माणूस म्हणून हे बोचतं. एखादा वाडा पडला तर निदान फोटो राहतो. वास गेला तर तो आठवणारी माणसं असेपर्यंतच राहतो.

म्हणून विनंती एवढीच. घरी उटणं करणारी, माळ ओवणारी, पेटीत जुडी ठेवणारी जी कोणी आत्या, मावशी, आजी असेल, तिच्याजवळ वही घेऊन बसा. ती म्हणेल, ‘अगं, प्रमाण कसलं, अंदाजानं घालायचं.’ तिच्या मुठीत किती बसतं ते तराजूवर मोजा आणि लिहून ठेवा. कुठल्या महिन्यात करते, वाळा कुठून आणते, कुटताना काही म्हणते का, तेही लिहा. पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी कुणीतरी ‘गंधवाद’चा अर्थ मराठीत लिहून ठेवला म्हणून आज आपण त्याबद्दल बोलू शकतो. त्याचं नावसुद्धा आपल्याला ठाऊक नाही. तुम्ही लिहाल त्या वहीवर मात्र त्या बाईचं नाव नक्की घाला.

ही माळ आता पुढच्या रांगेपासून मागे फिरवा. वास घ्या, पण हळू धरा, फुलं नाजूक झाली आहेत. आणि तोवर कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.