लॅपटॉप कोणता घ्यावा? आधी थोडा इतिहास

बारावीचे निकाल लागतात, प्रवेशाच्या याद्या लागायला सुरुवात होते आणि आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "सर, मुलीला कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचाय. कोणता घेऊ?" विचारणाऱ्या पालकांच्या हातात जाहिरातीचा कागद असतो आणि त्यावर आकडेच आकडे. बरेचदा पैशांसाठी पतपेढीत अर्ज केलेला असतो. शिक्षकाला सगळे ठाऊक असते, असा त्यांचा विश्वास असतो.

काही वर्षांपूर्वी या प्रश्नाला आम्ही चुकीचे उत्तर दिले. "एवढे पैसे घालताच आहात, तर सगळ्यात ताकदवान प्रोसेसरचा घ्या," असे सांगून मोकळे झालो. मुलगा वाणिज्य शाखेचा, रोज एस.टी.ने तालुक्याच्या गावी जाणारा. यंत्र भरले अडीच किलोच्या वर, चार्जर वेगळाच. बॅटरी दोन तासांत संपे आणि वर्गात प्लग नव्हता. दिवाळीपर्यंत लॅपटॉप घरच्या टेबलावर स्थिरावला. कर्जाचे हप्ते मात्र चालू राहिले. यंत्रात दोष नव्हता, आमच्या सल्ल्यात होता. यंत्रात काय आहे ते आम्ही पाहिले, मुलगा त्याचे काय करणार हे विचारलेच नाही.

गंमत अशी, की लॅपटॉपच्या इतिहासाची सुरुवातच या न विचारलेल्या प्रश्नापासून होते. म्हणून उत्तराकडे वळण्याआधी तो इतिहास थोडक्यात पाहू.

पुठ्ठ्याचा संगणक

१९६८ साली अॅलन के हा तरुण अमेरिकन संशोधक सेमूर पेपर्ट यांच्या गटाचे काम पाहायला गेला. तिथे लहान मुले 'लोगो' या भाषेत स्वतः प्रोग्रॅम लिहीत होती. संगणक म्हणजे खोली व्यापणारे, अनेकांनी वाटून वापरायचे यंत्र, असा तो काळ. केच्या मनात आले, की मूल जर संगणकाशी असे खेळू शकते, तर संगणक वहीसारखा त्याच्या हातात का असू नये?

त्याने पुठ्ठ्याचा एक नमुना बनवला. वर सपाट पडदा, खाली कळफलक. मग त्या पोकळ पुठ्ठ्यात शिशाच्या बारीक गोळ्या ओतत तो नमुना हातात धरून पाहत राहिला. किती वजनापर्यंत हे बरोबर बाळगावेसे वाटेल? त्याचे उत्तर आले दोन पौंडांपेक्षा कमी, म्हणजे सुमारे ९०० ग्रॅम. १९७२ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात काम करताना त्याने ही कल्पना निबंधरूपात मांडली. यंत्राचे नाव 'डायनाबुक'. निबंधात वजनाची मर्यादा थोडी सैल करून चार पौंड धरली होती आणि किमतीचे लक्ष्य होते ५०० डॉलर. मुलांनी त्यावर वाचावे, लिहावे, चित्रे काढावीत, संगीत रचावे आणि मुख्य म्हणजे स्वतः प्रोग्रॅम लिहावेत, अशी अपेक्षा होती.

डायनाबुक तयार झाले नाही, कारण तसा पडदा, तशी बॅटरी आणि तेवढ्या लहान जागेत मावणारी स्मृती तेव्हा नव्हती. पण केने कामाची पद्धत घालून दिली. वापरणारा कोण, तो काय करणार आणि कुठे नेणार हे प्रश्न आधी. यंत्राचे आकडे त्यानंतर.

अकरा किलोंची 'पेटी'

प्रत्यक्षात बाजारात आलेली यंत्रे मुलांसाठी नव्हती, फिरतीवरच्या व्यावसायिकांसाठी होती. एप्रिल १९८१ मध्ये 'ऑस्बर्न १' आला. त्याचा जनक अॅडम ऑस्बर्न. त्याचे बालपण तामिळनाडूत तिरुवण्णामलैला गेले आणि २००३ साली कोडाइकनालला त्याचे निधन झाले. त्याचा संगणक शिलाई मशीनच्या पेटीसारखा दिसे. वजन सुमारे ११ किलो, किंमत १,७९५ डॉलर, स्मृती ६४ किलोबाइट आणि पडदा अवघा ५ इंचांचा. आत बॅटरी नव्हती. उचलून नेता येई, पण चालवायला भिंतीतला प्लग हवाच.

एवढे वजन का? पडदा होता दूरचित्रवाणी संचासारखा, म्हणजे जाड काचेची निर्वात नळी आणि तिच्यात इलेक्ट्रॉन फेकण्यासाठी हजारो व्होल्टचा दाब. असा पडदा हलका करता येत नाही आणि लहानशा बॅटरीवर चालवताही येत नाही.

यावर उपाय होता घड्याळांत आणि गणकयंत्रांत वापरला जाणारा द्रवस्फटिक पडदा. तो स्वतः प्रकाश देत नाही, बाहेरून आलेला प्रकाश फक्त अडवतो किंवा जाऊ देतो. त्यामुळे वीज नगण्य लागते. १९८३ सालचा 'टीआरएस-८० मॉडेल १००' असा पडदा लावून आला. वजन दीड किलोच्या आत आणि बॅटरी कसली, तर टॉर्चमध्ये घालतो तसे चार लहान सेल! त्यावर तो वीसेक तास चाले. पत्रकारांना तो फार आवडला, कारण बातमी लिहून टेलिफोनच्या तारेवरून कार्यालयात धाडता येई. मात्र पडद्यावर मजकुराच्या आठच ओळी मावत.

इथे एक नियमच दिसतो. वजन, बॅटरी, क्षमता आणि किंमत या चार गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. एक ओढली की दुसरी हलते. १९८२ सालच्या 'ग्रिड कंपास'चे उदाहरण घ्या. पडदा कळफलकावर पुस्तकासारखा मिटण्याची आजची रचना बिल मॉग्रिज या रचनाकाराने त्यात केली. मॅग्नेशियमचे मजबूत कवच दिले. पुढे नासाने तो अवकाशयानातही नेला. किंमत? ८,१५० डॉलर. विद्यार्थ्याचा त्याच्याशी संबंध येण्याचे कारणच नव्हते.

१९८५ साली आलेल्या तोशिबाच्या 'टी११००'ने वेगळा धडा दिला. वजन सुमारे चार किलो, म्हणजे फार हलका नव्हे. पण आयबीएमच्या टेबलावरच्या संगणकावर चालणारे प्रोग्रॅम त्याच्यावर चालत. यंत्र कितीही सुबक असले, तरी कामाचा प्रोग्रॅम त्यावर चालत नसेल तर ते निरुपयोगी, हे ग्राहकांना पुरते कळले होते.

बॅटरीचे गणित

बॅटरीतला मोठा बदल झाला १९९१ मध्ये. सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी विक्रीस आणली. लिथियम हा सर्वांत हलका धातू. जुन्या निकेल-कॅडमियम घटाचा दाब १.२ व्होल्ट, तर या घटाचा सुमारे ३.६ व्होल्ट. तेवढ्याच वजनात कितीतरी जास्त ऊर्जा साठू लागली. या बॅटरीचा पाया घालणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

याचे गणित नववी-दहावीचा विद्यार्थी करू शकतो. लॅपटॉपच्या बॅटरीवर 'वॉट-तास' छापलेले असतात. नसतील तर व्होल्ट गुणिले अँपिअर-तास करावे. समजा ११.४ व्होल्ट आणि ४.४ अँपिअर-तास, म्हणजे सुमारे ५० वॉट-तास. लेखन-वाचन करताना यंत्र सरासरी १० वॉट घेत असेल तर ते ५ तास चालेल. खेळासाठीचा प्रोसेसर आणि चित्रकार्ड ४० वॉट ओढत असेल तर सव्वा तास. 'ताकदवान' या शब्दाची किंमत अशी मोजता येते. आमच्या त्या विद्यार्थ्यासाठी आम्ही एवढा साधा भागाकारसुद्धा केला नव्हता.

विद्यार्थ्याकडे परत

विद्यार्थ्याचा विचार पुन्हा मुख्य झाला तो एकविसाव्या शतकात. जानेवारी २००५ मध्ये निकोलस निग्रोपाँटी यांनी १०० डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना जाहीर केली. 'दर मुलामागे एक लॅपटॉप' असे त्या मोहिमेचे नाव. २००७ च्या अखेरीस 'एक्सओ' हे यंत्र तयार होऊ लागले. किंमत १०० डॉलरवर आली नाही, १८८ च्या आसपास गेली. पण रचना विचारपूर्वक होती. भर उन्हात वाचता येणारा पडदा, फिरती तबकडी नसल्याने धक्के सोसणारी साठवण, वजन दीड किलोच्या आत. आपल्या रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या खैराट धनगरवाड्याच्या छोट्या शाळेत २००७ साली त्याचा प्रयोग झाला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये असूस कंपनीचा 'ई पीसी' आला. ७ इंची पडदा, ४ गिगाबाइट साठवण, मोफत लिनक्स प्रणाली आणि वजन सुमारे ९२० ग्रॅम. केने पुठ्ठ्यात शिसे ओतून काढलेल्या आकड्याच्या अगदी जवळ! तिथपर्यंत पोचायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली. पण कळफलक इतका चिमुकला, की मोठ्या माणसाची बोटे एकमेकांत अडकत. पुढे किंचित मोठी, पण स्वस्त यंत्रे सर्वत्र झाली. २०११ साली तामिळनाडू सरकारने विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप वाटायला सुरुवात केली, ती याच पार्श्वभूमीवर.

मग आता कोणता घ्यावा?

आता आम्ही थेट उत्तर देत नाही. आधी चार प्रश्न विचारतो.

पहिला : तो कुठे आणि कसा नेणार? वसतिगृहातल्या टेबलावरच राहणार असेल तर दोन किलो चालतील. रोज बस किंवा लोकल असेल तर दीड किलोच्या आत पाहावे. चार्जरचे वजन धरायला विसरू नये.

दुसरा : काम कोणते? लेखन, हिशेब, वाचन, साधे प्रोग्रॅमिंग यांसाठी मध्यम प्रोसेसर, ८ गिगाबाइट रॅम आणि एसएसडी साठवण पुरेशी आहे. वास्तुरचना, यंत्र-आराखडे किंवा चलच्चित्रे असतील तर १६ गिगाबाइट आणि वेगळे चित्रकार्ड लागू शकते. विभागाने सांगितलेले सॉफ्टवेअर कोणत्या प्रणालीवर चालते, हे खरेदीआधी प्राध्यापकांना विचारावे.

तिसरा : प्लग कुठे आहे? उत्तर 'वर्गात नाही' असेल तर वर दिलेला भागाकार करावा.

चौथा : बिघडल्यास काय? पूर्वी खिट्टी सरकवली की बॅटरी हाती येई. आता ती आत स्क्रूने बसवलेली असते आणि पुष्कळ यंत्रांत रॅम मुख्य फलकावरच डाखलेली असते. नंतर वाढवता येत नाही. म्हणून रॅम वाढवता येते का, बॅटरी बदलून मिळते का आणि दुरुस्ती जवळच्या गावात होते का, हे दुकानातच विचारावे. चांगल्या दुकानातून हमीसह घेतलेला, दुरुस्त केलेला जुना यंत्रसंच हाही कमीपणाचा मार्ग नव्हे. त्यावर लिनक्स मोफत चालते. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासूनच स्थान असल्याने मराठी लिहायलाही वेगळा खर्च येत नाही.

शिक्षक मित्रांनो, एक प्रयोग वर्गात जरूर करून पाहा. लॅपटॉपच्या आकाराचा पुठ्ठ्याचा खोका करा. त्यात वाळूच्या पिशव्या ठेवून वजन एक, दीड, दोन, अडीच किलो असे वाढवत न्या. विद्यार्थ्यांनी तो दप्तरात घालून दिवसभर बाळगावा आणि संध्याकाळी प्रत्येकाने आपली मर्यादा फळ्यावर लिहावी. अॅलन केने केलेला प्रयोग हाच.

गेल्या खेपेस संख्याशास्त्राला प्रवेश घेतलेली एक विद्यार्थिनी आली, तेव्हा तिलाही आम्ही हेच सांगितले. आठवडाभर दीड किलोची पुस्तके पाठीवर वागवून ती परत आली आणि म्हणाली, "सर, एवढे जमेल." तिने दुरुस्त केलेला, साधा लॅपटॉप घेतला. दुसऱ्या वर्षी त्याची बॅटरी बदलावी लागली, पण ती तालुक्याच्या गावीच बदलून मिळाली. तो लॅपटॉप रोज तिच्याबरोबर वर्गात जातो.