परदेशी मालाची पारख

ज्या बंगळुरी १६३८ नंतर शहाजीराजांची जहागीर होती, तेथील सर्जापूर रोडवर आज एखादा दुकानदार संगणकावरील घाऊक बाजारपेठांतून परदेशी माल निवडीत असतो. साधन नवे, प्रश्न जुनाच आहे. १७१५ च्या ‘आज्ञापत्रा’त रामचंद्रपंत अमात्यांनी सावकारांना राज्याची शोभा मानले, परदेशी व्यापारास उत्तेजन दिले, मात्र टोपीकरांच्या पाठीशी त्यांची राजसत्ता उभी असते, हेही बजावले. नोव्हेंबर २०२० मध्ये भारत सरकारने चिनी अलीबाबा समूहाची काही ॲप्स बंद केली, तेव्हा बाजाराचे दार राजाज्ञेने एका दिवसात मिटते, हे पुन्हा दिसले. म्हणून भावाआधी तीन गोष्टी विचाराव्यात : विक्रेत्यामागे कोण आहे, नमुना कसा आहे आणि माल पोहोचेपर्यंत पैसा कोणाच्या हाती राहणार?