खिडकीतून दिसणारी ओसाडी: एका आलिशान रेल्वेप्रवासामागचा इतिहास

स्कॉटलंडच्या हायलँड्स या डोंगराळ भागात १९८५ पासून 'रॉयल स्कॉट्समन' नावाची आलिशान गाडी धावते. जेमतेम चाळीस प्रवासी, लाकडी सजावटीचे डबे, थाटातलं जेवण आणि शेवटच्या डब्याला चक्क उघडा सज्जा. तिच्या काही फेऱ्या ग्लासगोच्या उत्तरेला निघणाऱ्या वेस्ट हायलँड मार्गावरून जातात. बाहेर तळी, डोंगर, हरणं आणि मैलोन्‌मैल एकही घर नाही. प्रवासी म्हणतो, काय शांतता आहे! इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे विचारायचं: इथली माणसं कुठे गेली?

आधी रुळांकडे बघू. हा मार्ग १८९४ मध्ये फोर्ट विल्यमपर्यंत आणि १९०१ मध्ये समुद्रकाठच्या मॅलेगपर्यंत पोचला. ग्लेनफिननचा २१ कमानींचा प्रसिद्ध काँक्रीट पूल याच दुसऱ्या टप्प्यातला. पण तो टप्पा पर्यटकांसाठी बांधलेला नव्हता. मॅलेगहून ताजे मासे दक्षिणेच्या बाजारात वेळेत पोचावेत, हा मुख्य हेतू. त्यासाठी सरकारने २,६०,००० पौंड भांडवलावर ३ टक्के परताव्याची हमी दिली आणि मॅलेगच्या धक्क्यासाठी ३०,००० पौंड वेगळे. ज्या काळात ब्रिटनमध्ये रेल्वे म्हणजे खासगी कंपन्यांचं काम, त्या काळात सरकारने हात सैल का सोडला?

उत्तरासाठी थोडं मागे जावं लागतं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जवळजवळ शंभर वर्षं हायलँड्समधल्या जमीनदारांनी मेंढीपालनासाठी कुळांना जमिनीवरून उठवलं. याला 'हायलँड क्लिअरन्सेस' म्हणतात. पुढे मेंढ्यांच्या जागी बऱ्याच ठिकाणी हरणांच्या शिकारीची राखीव रानं आली. १८८२ मध्ये स्काय बेटावरच्या ब्रेज इथे चराईच्या हक्कावरून कुळं आणि पोलीस यांच्यात झटापट झाली. पुढच्या वर्षी सरकारने नेपियर आयोग नेमला. १८८६ च्या कायद्याने छोट्या कुळांना जमिनीवर कायम राहण्याचा हक्क मिळाला. पण नुसत्या हक्काने पोट भरत नाही. मासेमारी आणि दळणवळण वाढवण्याचा विचार त्यातूनच पुढे आला आणि मॅलेगचा फाटा त्याचाच भाग.

आता मुद्द्याचं. 'ओसाडी म्हणजे क्लिअरन्सेस' असं समीकरण मांडून मोकळं व्हायचा मोह होतो. तिथेच आपण घसरतो. याच मार्गावरचं रॅनॉक मूर हे विस्तीर्ण दलदलीचं पठार. तिथे रूळ टाकताना जमीन इतकी मऊ लागली की झाडांच्या फांद्या, मुळं आणि मातीचे थर पसरून त्यावर मार्ग तरंगता ठेवावा लागला. अशा जागी मोठी वस्ती कधी नव्हतीच. याउलट मॅलेगच्या समोर, खाडीपलीकडे नॉयडार्ट आहे. तिथल्या तीनशेहून अधिक माणसांना १८५३ मध्ये जहाजात बसवून कॅनडाला पाठवलं. जे जायला तयार नव्हते त्यांची घरं पाडली. प्रवाशाच्या नजरेला दोन्ही जागा सारख्याच सुंदर, सारख्याच रिकाम्या. एक निसर्गाने रिकामी ठेवलेली, दुसरी माणसाने केलेली. हा फरक खिडकीतून कळत नाही, कागदपत्रांतून कळतो.

पण कागदपत्रंही सरळ बोलत नाहीत. नेपियर आयोगाची पहिली बैठक मे १८८३ मध्ये ब्रेजला भरली. पहिला साक्षीदार अँगस स्ट्युअर्ट. त्याने तक्रार सांगण्याआधी काय मागितलं? खरं बोललो म्हणून मला जमिनीवरून काढणार नाही, याची हमी. अशा अनेक साक्षी गेलिक भाषेत झाल्या आणि दुभाष्यामार्फत इंग्रजीत नोंदल्या गेल्या. म्हणजे आपण वाचतो ते भीतीतून आणि भाषांतरातून गाळून आलेलं. म्हणून ती साक्ष निरुपयोगी ठरते का? मुळीच नाही. उलट ती भीती हाच मोठा पुरावा आहे. जमीनदार आणि कूळ यांचं नातं कसं होतं, हे त्या एका मागणीतून जितकं कळतं तितकं भाडेवसुलीच्या वहीतून कळणार नाही.

आणखी एक गुंतागुंत बघा. याच मार्गावरचं कोरूर हे एकाकी स्थानक मुळात तिथल्या शिकारीच्या इस्टेटीसाठी होतं. म्हणजे गरिबांची मासळी आणि श्रीमंतांची शिकार, दोन्ही एकाच रुळावर! 'रेल्वे गरिबांसाठी आली' किंवा 'रेल्वे श्रीमंतांसाठी आली', यातलं कुठलंच एक वाक्य पुरत नाही.

सिनॉप्सिस लिहिताना आपण बहुतेकदा जे दिसतं त्यावर प्रश्न बेततो: गाडी, पूल, पर्यटन. एकदा जे दिसत नाही त्यावर बेतून बघा. इथे कोण असायला हवं होतं? ते नाही, हे कशावरून? आणि कधीपासून नाही? या तीन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळ्या साधनांतून जुळू लागली, की समजा विषय सापडला.